एका ओळीचं वतन

"पालीला चाललोय," असं म्हटलं की पुण्यात समोरचा हमखास विचारतो, "बल्लाळेश्वराला का?" मग सांगावं लागतं की नाही, ती गणपतीची पाली रायगड जिल्ह्यात, सुधागड तालुक्यात. समोरचा साताऱ्याकडचा निघाला तर तो खंडोबावर येतो. त्या गावाला पाल म्हणतात, पण 'पालीचा खंडोबा' हे तोंडात बसलेलं. रत्नागिरीवाल्याची पाली आणखी निराळी, महामार्गावरची. या लेखातली पाली राजगडाच्या पायथ्याची. पुणे जिल्ह्यातल्या वेल्हे तालुक्यातली, असं परवापरवापर्यंत म्हणता यायचं; आता सरकारने तालुक्याचंच नाव बदलून 'राजगड' केलंय. गडाचा जो दरवाजा या अंगाला उघडतो तो पाली दरवाजा. जुनी माणसं गावाला पालीऐवजी पाल म्हणतात, आणि त्यातही बुद्रुक वेगळं, खुर्द वेगळं.

एका नावाची चार गावं असली तरी एसटीचं काही अडत नाही, कारण कंडक्टर "कुठली पाली?" असं विचारतो. कॉम्प्युटर विचारत नाही. तो भांडतो, नाहीतर गुपचूप भलत्याच पालीला नेऊन सोडतो.

प्रस्तुत लेखकाला हे ज्ञान झालं ते कॉम्प्युटरवरचा एक छोटा खेळ करताना. खेळ साधा. संध्याकाळी पालीतून निघायचं, खोदीव पायऱ्या चढत पाली दरवाजा गाठायचा, एकामागचा दुसरा दरवाजा ओलांडायचा आणि पुरेशी मशाल शिल्लक ठेवून पद्मावती माचीवर पोचायचं. शत्रू नाहीत, तलवारबाजी नाही. वारा आहे, अंधार आहे आणि पखालीतलं पाणी. पंचेचाळिशीत माणसाला असले उद्योग सुचतात. मित्रांनी ट्रेकिंगला चला म्हणून बोलावलं तर गुडघा दुखतो म्हणायचं आणि घरी बसून तोच गड लॅपटॉपवर चढायचा.

खेळ बनवण्यासाठी त्याने इंजिन निवडलं ते गोदो. नाटकवाल्यांना नाव ओळखीचं वाटेल आणि ते बरोबरच आहे: बेकेटच्या ज्या नाटकात दोघे जण कधीच न येणाऱ्या माणसाची वाट बघत बसतात, त्याच नाटकावरून ते ठेवलंय. कारणही गमतीदार आहे. सॉफ्टवेअर कधीच 'पूर्ण' होत नाही, आणखी काहीतरी हवंच असतं, म्हणून. हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सुर या अर्जेंटिनातल्या दोघांनी ते घडवलं आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याचा सगळा कोड जगाला खुला केला. पैसे लागत नाहीत, हिस्सा द्यावा लागत नाही, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. पुण्यातली प्रोग्रामिंगची पोरं त्याला 'गोडॉट' म्हणतात. नाटकवाल्यांनी ते ऐकू नये.

आणखी एक कारण होतं, ते खास मराठी. या इंजिनाच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत देवनागरी अक्षरं पडद्यावर विस्कटून यायची. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायच्या ऐवजी उजवीकडे जाऊन बसायची, जोडाक्षरं फुटून हलन्तासकट सांडायची. 'पद्मावती' लिहिलं तर ती पडद्यावर पायमोडकी दिसे. १ मार्च २०२३ रोजी आलेल्या चौथ्या आवृत्तीत अक्षरं जुळवणारी यंत्रणा नव्याने लिहिली गेली, आणि तेव्हापासून 'पद्मावती' 'पद्मावती'सारखी दिसते. ज्याला आपला खेळ मराठीत करायचाय त्याला ही बातमी इंजिनाच्या बाकी सगळ्या करामतींपेक्षा मोठी होती.

*

गोदोत सगळं काम 'सीन'मध्ये चालतं. शब्द पुन्हा नाटकातलाच. पायथा हा एक सीन, पायऱ्यांची वाट दुसरा, पहिला दरवाजा तिसरा. खेळणारा एका सीनमधून दुसऱ्यात गेला की इंजिन पहिला अख्खा उचलून फेकून देतं: नेपथ्य, दिवे, पात्रं, सगळं. आणि नवा सीन कोऱ्या पाटीने उभा करतं. यात क्रूरपणा नाही, काटकसर आहे. नाही तर फोनची मेमरी भरून वाहायला लागेल.

पण याचा पहिला फटका बसला तो असा. खेळणारा पायऱ्यांवर दोन मशाली जाळून, एक उरवून पहिल्या दरवाज्याशी पोचला. पडदा काळा झाला, दरवाज्याचा सीन उघडला आणि मावळ्याच्या कमरेला पुन्हा तीन मशाली. पखाल काठोकाठ. तो नवा मावळा होता. आधीचा पायऱ्यांसकट नाहीसा झाला होता आणि त्याच्या जागी त्याच साच्यातला दुसरा, काहीच न आठवणारा, उभा होता. घरातल्या आठवीतल्या परीक्षकाने लगेच निकाल दिला: "बाबा, हा गड चढायला फारच सोपाय."

म्हणजे सीन बदलला तरी न बदलणारं कुणीतरी हवं. संगीत नाटकात ही सोय पूर्वीपासून आहे. पहिली घंटा व्हायच्या आधी ऑर्गनवाला आणि तबलजी आपापल्या जागी येऊन बसतात. अंक बदलतात, राजवाडा जाऊन अरण्य येतं, नायिका मरते, पण ते दोघे जागचे हलत नाहीत. आणि मंचावरच्या कुठल्याही पात्राला, कुठल्याही प्रवेशात, त्यांच्याकडे बघून सूर मागता येतो. गोदोमधली 'ऑटोलोड' नावाची सोय नेमकी हीच आहे. एखादी स्क्रिप्ट त्या यादीत नोंदवली की इंजिन खेळ सुरू होताना पहिल्या सीनच्याही आधी ती उभी करतं, सगळ्या सीनच्या वरच्या मुळाशी, म्हणजे 'रूट'पाशी बांधतं आणि खेळ बंद होईपर्यंत तिथेच ठेवतं.

नोंदणी करायला मिनिटभर लागत नाही, आणि पुढचा सगळा घोळ त्या मिनिटभरामुळेच होतो. 'प्रोजेक्ट' मेन्यूतून 'प्रोजेक्ट सेटिंग्ज' उघडायची. नव्या आवृत्त्यांत 'ग्लोबल्स' नावाचा टॅब आहे, त्याच्या पोटात 'ऑटोलोड'. तिथे फोल्डरच्या चित्रावर टिचकी मारून स्क्रिप्टची फाइल निवडायची; इथे ती मशालींचा हिशेब ठेवणारी 'गेमस्टेट'. नाव इंजिन स्वतःच सुचवतं, फाइलच्या नावावरून, शब्दांची पहिली अक्षरं मोठी करून. 'ॲड' दाबायचं. खाली यादीत एक ओळ उमटते: नाव, पत्ता आणि टोकाला एक छोटी चौकट, टिक केलेली. संपलं. आता कुठल्याही स्क्रिप्टमध्ये 'गेमस्टेट' असं नाव लिहून टिंब दिलं की मशाली मोजता येतात. मात्र स्क्रिप्ट 'नोड' या घराण्यातली असली पाहिजे. रूटला बांधायचं तर झाडाची फांदी असावी लागते.

हे सगळं जातं कुठे, हे बघायला त्याने प्रोजेक्टची मूळ फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. चौकोनी कंसात 'ऑटोलोड' असं शीर्षक, आणि खाली एकच ओळ: नाव, बरोबरचं चिन्ह, अवतरणचिन्हांत फाइलचा पत्ता. आणि पत्त्याच्या आधी एक फुली, म्हणजे स्टार. ती चौकट टिक केलेली आहे याची खूण म्हणजे हा स्टार. तो काढला तरी नोड उभा राहतोच, फक्त त्याला नावाने हाक मारायचा सार्वजनिक हक्क जातो. मग रूटपासूनचा पूर्ण पत्ता सांगून त्याला गाठावं लागतं. एका फुलीने एवढा फरक! तलाठ्याच्या दप्तरात असल्या फुल्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात गेलेल्या आहेत.

*

मशाली सुटल्या. पखालही त्याच यादीवर गेली. मग वाटलं, वाऱ्याचा आवाज सीन बदलताना तुटतो, तोही तिथेच ठेवू. मग सेव्ह करण्याची सोय. मग सेटिंग्ज. मग पडदा काळा करण्याची युक्ती. मग भाषांतर, हवामान, दिवस-रात्र, मावळ्याचा दम, गस्तीचं वेळापत्रक, गडावरच्या कोठीचा हिशेब. चार महिन्यांनी यादी मोजली तेव्हा चौदा ओळी होत्या. प्रत्येक ओळ त्या त्या दिवशी योग्यच वाटली होती.

पहिलं दुखणं निघालं ते क्रमाचं. यादीतली नावं वरून खाली या क्रमाने जागी होतात. 'सेटिंग्ज' वर होती, 'सेव्ह' खाली. सेटिंग्जने डोळे उघडताच सेव्हकडे मागितलं, "कालचा आवाज किती ठेवला होता?" सेव्ह अजून झोपलेली. उत्तर शून्य. त्यामुळे रोज खेळ उघडला की तो मुका असायचा, आणि आवाज वाढवून ठेवला तरी दुसऱ्या दिवशी परत मुका. तीन संध्याकाळी त्याने आवाजाचा कोड उकरला. दोष कोडमध्ये नव्हताच, पंगतीत होता. यादीतली एक ओळ धरून दुसरीच्या वर ओढली आणि वारा वाजायला लागला. बायको म्हणाली, "एवढंच होतं?" एवढंच होतं.

दुसरं दुखणं नावांचं. 'हवामान' या स्क्रिप्टला त्याने आत 'क्लासनेम' लिहून जे नाव दिलं होतं, तेच नाव ऑटोलोडच्या यादीतही दिलं. इंजिनाने तक्रार केली की हा क्लास त्या नावाच्या ऑटोलोडला झाकतोय. एका गावात एकाच नावाचे दोन पाटील कसे चालतील? इंजिनाच्या स्वतःच्या घराण्यातली नावंही वापरता येत नाहीत; 'टायमर' असं नाव यादीत द्यायला गेलात तर दारातूनच परत पाठवतात. या बाबतीत गोदो एसटीच्या कंडक्टरपेक्षा कडक आहे. ते बरंच आहे.

तिसरं मात्र खरं दुखणं. परीक्षकाने एकदा खेळ हरल्यावर 'नवा खेळ' दाबलं आणि तो हरखलाच. दुसऱ्या दरवाज्याची किल्ली पायथ्यालाच हातात! मागच्या खेळातली. सीन पुसले गेले होते, मावळा नवा होता, पण 'गेमस्टेट' तोच होता आणि त्याला आधीच्या जन्मातलं सगळं आठवत होतं. ज्या गुणासाठी त्याला यादीत घेतलं, तोच गुण आता अंगावर आला. मग 'नवा खेळ'च्या बटणामागे प्रत्येक ऑटोलोडला हाताने कोरं करण्याची जंत्री लिहावी लागली. चौदा ओळी, चौदा जंत्र्या, आणि त्यात विसरलेली गस्त. तीन दिवस गडावर एका मेलेल्या खेळातले पहारेकरी फिरत होते.

यांतल्या एखाद्याला खेळ चालू असताना काढूनच टाकू म्हणावं, तर तेही नाही. गोदोच्या अधिकृत कागदपत्रांत स्पष्ट ताकीद आहे: ऑटोलोडला चालू खेळात मोकळं करू नका, इंजिन कोसळेल. आणि नुसता पायऱ्यांचा एक सीन तपासायला एफ सहा दाबलं तरी आधी चौदाच्या चौदा उठून बसतात. बारक्याशा पायरीची उंची बघायची आणि त्यासाठी अख्खा दरबार भरवायचा.

*

या अवस्थेत त्याला वतन हा शब्द सुचला. सुचला म्हणजे काय, तो परिसरच तसा आहे. पालीच्या आसपास कुणाच्याही ओटीवर बसलं की अर्ध्या तासात बोलणं जमिनीवर येतं आणि जमिनीवरून वतनावर.

त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ सालचं. त्यात ज्या गावाचं वर्णन आहे, त्या गावाची कामं करणारे पुष्कळसे एका घराचे चाकर नव्हते, अख्ख्या गावाचे होते. सुताराला कुणीही हाक मारावी, न्हाव्याला कुणीही बोलवावं, आणि सुगीला खळ्यावर प्रत्येकाने बलुतं घालावं. म्हणजे ऑटोलोडच. घरोघर वेगळा सुतार ठेवण्यापेक्षा गावाचा एक ठेवणं शहाणपणाचं, यात वाद नाही. पण हक्काची नोंद एकदा वंशपरंपरा झाली की काम राहो न राहो, हक्क राहतो. पाटलाचा मान, कुलकर्ण्याचं दप्तर, त्यावरून भाऊबंदकी, आणि खालच्या वतनदारांच्या वाट्याला तर मानापेक्षा वेठच जास्त. स्वातंत्र्यानंतर १९५० आणि ६० च्या दशकांत एकामागून एक कायदे करून ही वतनं मोडावी लागली. चालू गावात वतन काढणं किती अवघड, हे त्या कायद्यांच्या संख्येवरूनच कळतं.

राज्यकर्त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या, अठराव्या शतकाच्या पहिल्या पंधरा-सोळा वर्षांतल्या 'आज्ञापत्रा'त वतनदारांवर एक अख्खं प्रकरण आहे. त्याचा रोख असा की यांना वतनदार म्हणणं ही बोलायची रीत झाली, खरे तर हे लहानलहान स्वतंत्र राजेच. त्यांना दुखवूही नये आणि मोकळंही सोडू नये. शिवाजी महाराजांनी जुनी वतनं सरसकट बुडवली नाहीत, पण चाकरीचा मोबदला म्हणून मुलूख तोडून देण्याऐवजी रोख पगार देण्याकडे त्यांचा कल होता, असं सभासद बखरीवरून दिसतं. काम केलं, पगार घेतला, काम संपलं.

प्रोग्रामरांच्या गावातही हा तंटा जुना आहे. कुठूनही हात घालता येणारं सामायिक व्हेरिएबल धोक्याचं असतं, असं विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ यांनी १९७३ मध्येच निबंध लिहून बजावलं. १९९४ मध्ये एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडिस या चौघांनी सॉफ्टवेअरच्या रचनांवर गाजलेलं पुस्तक काढलं. त्यातल्या २३ रचनांपैकी एक 'सिंगलटन': अख्ख्या प्रोग्राममध्ये एकच असणारी आणि सगळ्यांना दिसणारी वस्तू. पुढे १५ वर्षांनी एका मुलाखतीत खुद्द गामांनी सांगितलं की पुस्तक नव्याने लिहिलं तर हा प्रकार आपण गाळू. नवं वतन देणाऱ्यानेच पुढे पस्तावावं, तसं ते. गोदोची ऑटोलोड ही त्या व्याख्येनुसार शंभर नंबरी सिंगलटन नाही, कारण त्याच स्क्रिप्टची दुसरी प्रत बनवायला इंजिन आडकाठी करत नाही. पण व्यवहारात तिला सगळे सिंगलटनच म्हणतात आणि तशीच वागवतात.

याचा अर्थ ऑटोलोड वाईट, असं म्हणणाऱ्या कडव्या पंथाला प्रस्तुत लेखक सामील नाही. त्या पंथातले लोक मशालींचा आकडा सात हातांतून पुढे सरकवत नेतात आणि त्याला शुद्धता म्हणतात. दुसऱ्या इंजिनांनीही हीच गरज आपापल्या परीने भागवलीय. युनिटीत एखाद्या वस्तूला 'सीन बदलताना मोडू नकोस' असं सांगायची आज्ञा आहे. अनरीअलमध्ये 'गेम इन्स्टन्स' नावाचा एक जण सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून असतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला 'राजी' हा खेळ त्या इंजिनावर केलेला आहे. सीन पुसणारं इंजिन म्हटलं की न पुसला जाणारा कुणीतरी लागणारच. प्रश्न किती जण, हा.

*

उत्तर गडावरच होतं, पण ते शोधायला बखरीत जावं लागलं. सभासद सांगतो की गडावर एका माणसाच्या हाती सगळं दिलेलं नसे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस, तिघे बरोबरीचे. किल्ल्या एकाकडे, शिबंदी दुसऱ्याकडे, दप्तर तिसऱ्याकडे. एक फितला तरी गड जात नाही. शिवाय प्रत्येकाचं काम ठरलेलं; सबनिसाने तटावर जाऊन गस्त घालायची नाही आणि सरनोबताने जमाखर्च लिहायचा नाही.

गोदोच्या कागदपत्रांचा सल्लाही थोड्याफार फरकाने हाच आहे. जी यंत्रणा स्वतःची माहिती स्वतः सांभाळते आणि दुसऱ्याच्या घरात शिरत नाही तिला ऑटोलोड करा, उदाहरणार्थ संवादांची किंवा मोहिमांची यंत्रणा. आवाजाचं उदाहरण तिथे ठळक दिलंय. नाणी वेचताना एकाच सामायिक वादकाकडून आवाज काढायला गेलं तर दुसरं नाणं पहिल्याचा आवाज मध्येच तोडतं. प्रस्तुत लेखकाच्या खेळात हे पायरवांचं झालं होतं. मावळ्याचं पाऊल वाजायला आणि देवडीतल्या घोड्याची टाप पडायला एकच गाठ पडली की पाऊल गिळलं जायचं. अंधारात चढणारा माणूस मधूनच तरंगल्यासारखा वाटायचा.

मग एका रविवारी त्याने यादी समोर घेतली आणि वतनं मोडायला बसला. कायदेमंडळाइतकाच वेळ लागला. पायरवाचा आवाज मावळ्याच्या स्वतःच्या सीनमध्ये गेला. दम तर मावळ्याचाच होता, तो सामायिक कशाला? गस्तीचं वेळापत्रक ज्या सीनमध्ये गस्त आहे तिथे. कोठीचा हिशेब म्हणजे नुसती माहिती. तिला 'रिसोर्स' नावाची वेगळी फाइल पुरते, तिला रूटवर उभं राहायची गरज नाही. अंतरावरून लागणारं पाणी काढायची दोन-तीन गणितं होती, ती 'स्टॅटिक' फंक्शनं करून एका क्लासमध्ये ठेवली. २०२३ मधल्या ४.१ आवृत्तीपासून गोदोत स्टॅटिक व्हेरिएबलही मिळतात, त्यामुळे एखाददुसऱ्या सामायिक आकड्यासाठी नोड उभा करायचं कारण उरलेलं नाही. 'पडदा' राहिला, कारण दोन सीनच्या मधल्या काळोखात काम करणारा दोन्ही सीनच्या बाहेरचाच लागतो. वारा राहिला. सेव्ह राहिली, सर्वांत वर. आणि गेमस्टेट राहिला, पण सडपातळ होऊन: मशाली, पाणी, किल्ली, बास. चौदाच्या चार झाल्या.

एक ओळ खोडताना मात्र हात अडखळला. 'हवामान'. तिच्यात त्याने एका पावसाळ्यात फार जीव ओतला होता. ढग संजीवनी माचीकडून कसे उतरतात, धुकं आधी बालेकिल्ला गिळतं की तट, असलं काय काय. पण हवामान फक्त पायऱ्यांच्या आणि माचीच्या सीनला लागत होतं. ती गेली. स्क्रिप्ट तशीच राहिली, फक्त यादीतला मान गेला.

*

ही सगळी शिस्त लावून, फोनमध्ये खेळ भरून तो पालीला गेला. नसरापूरवरून, विंझरवरून, नेहमीच्या रस्त्याने. गड आता जगाच्या यादीत आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून नोंदवलं, त्यांत राजगड आहे. नोंद झाली की काय काय मागे लागतं याची पालीकरांना कल्पना येतेय. गाड्या वाढल्यात आणि पार्किंगवरून बोलाचाली.

एका ओळखीच्या घरी चहाला टेकल्यावर त्याने मोठ्या ऐटीत फोन काढला. खेळ उघडला. शीर्षक आलं, 'पाली दरवाजा', जोडाक्षरं शाबूत. आणि पुढे काहीच हलेना. घरी लॅपटॉपवर सगळं सुरळीत चाललेलं.

कारण रात्री घरी सापडलं. गेमस्टेटच्या फाइलचं नाव त्याने गोदोच्या आतून न बदलता विंडोजच्या फोल्डरमधून बदललं होतं. आतून बदललं असतं तर इंजिनाने यादीतला पत्ताही दुरुस्त केला असता. आता यादीत मोठा 'जी' होता आणि फाइलला छोटा. विंडोजला दोन्ही सारखेच, तो चालवून घेतो. अँड्रॉइडला ती दोन वेगळी गावं. ज्याच्या लिपीत मोठी आणि छोटी अक्षरं असा भेदच नाही, त्याच्या लक्षात हे लवकर येत नाही, अशी एक सबब त्याने स्वतःला सांगून पाहिली. पण इंजिनाने लॅपटॉपवर दर वेळी पिवळ्या अक्षरांत सूचना दिली होती, की नावाच्या अक्षरांत फरक आहे, दुसऱ्या यंत्रावर ही फाइल उघडणार नाही. तीन आठवडे तो ती ओळ बघत होता.

त्या दिवशी पालीत मात्र फोनवर दाखवायला नुसती चित्रं उरली होती. घरातल्या आजोबांनी चष्मा पुसून पहिल्या दरवाज्याचं चित्र निरखलं. कमान आवडली. पायऱ्या "अशा उजव्या अंगाला जरा जास्त झिजल्यात" म्हणून सांगितलं. मग बोट देवडीवर ठेवून विचारलं, "आणि हितं कोन बसतो?"

"कुणी नाही अजून, आजोबा."

"मोकळी देवडी?" त्यांनी फोन परत दिला. "मंग दार उघडलं कुनी?"

घरी आल्यावर आधी त्याने छोटा 'जी' मोठा केला. मग दरवाज्याचा सीन उघडून देवडीत एक पहारेकरी बसवला, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा घेतलेला. खेळणारा आत गेला की तो सीनबरोबर पुसला जातो आणि पुढच्या खेळणाऱ्यासाठी पुन्हा तिथेच, पहिल्यांदाच बघितल्यासारखा, मान वर करतो. यादीत ओळी चारच.